तुंगेकरांची अकरा मिनिटं

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला,
बामजी क्लिअरिंग एजन्सी.
नऊ कम्प्युटर,
आणि सकाळचे नऊ नऊ वेळा वाजायचे.
खानविलकर बाईंचा चार मिनिटं पुढे
(ऑफिसातून वेळेवर निघणाऱ्या त्या एकट्याच, ते का, हे तेव्हा कळलं),
कॅशचा पावणेदोन मिनिटं मागे,
स्टोअररूममधला अजून मागच्या मार्चमध्येच,
आणि खिडकीजवळचा, तुंगेकरांचा,
अकरा मिनिटं मागे.

मला बोलावलं ते भांडण झाल्यावर.
पाचनंतर कागद घेत नाहीत.
तुंगेकरांनी पाठवले चार बावन्नला.
त्यांच्या स्क्रीनवर चार बावन्न,
सर्व्हरच्या वहीत पाच तीन.
कंटेनर रात्रभर गोदीत, भुर्दंड साडेसहा हजार,
आणि केबिनच्या दाराशी
बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस
घड्याळ नसलेलं मनगट चोळत उभा.
"मी खोटं बोलत नाही, मॅडम."
नव्हतेच बोलत.
उशीर मात्र झाला होता.

झाकण उघडलं. धूळ, एक वाळलेलं झुरळ,
आणि रुपयाहून जरा लहान सेल.
मशीन बंद करून सगळे घरी जातात
तेव्हा हाच जागा राहून सेकंद मोजतो.
थकला होता. रात्री मोजता मोजता डुलक्या घेत होता.
नवा पस्तीस रुपयांना.

मग नऊच्या नऊ जणांना सांगून ठेवलं:
आजपासून आपल्या मनाने वाजवायचं नाही.
थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचं.
प्रश्न निघाला ती वेळ लिहायची,
उत्तर हाती पडलं तीही लिहायची,
येण्याजाण्याचा वेळ निम्मा करून
उत्तरात मिळवायचा.
सांगितलेली वेळ ऐकेपर्यंत शिळी होते.
माझ्या आईला हे ठाऊक होतं.
कुणी गावाहून निरोप घेऊन आला
की पाणी द्यायच्या आधी ती विचारायची,
तू तिथून निघालास कधी?

"आणि सर्व्हर कुणाला विचारतो?" तुंगेकर.
दिल्लीला, म्हटलं.
ते पहिल्यांदाच हसले. भिंतीकडे बोट केलं.
थोरल्या बामजींचं लंबकाचं घड्याळ,
एकोणचाळीस मिनिटं मागे. मुद्दाम.
"मुंबई टाइम. आपल्या डोक्यावरच्या सूर्याचा.
सगळा देश पुढे गेला,
हे शहर पन्नासएक वर्षं अडून बसलं.
थोरले साहेब गेले, आता चावी मी देतो.
दर सोमवारी."

एवढी एकोणचाळीस मिनिटं बिनचूक सांभाळणाऱ्याला
अकरा मिनिटांसाठी उभं केलं होतं.

त्यांचं घड्याळ मी एका झटक्यात पुढे आणलं.
खानविलकर बाईंचं तसं जमत नाही.
पुढे गेलेल्याला मागे ओढलं
तर पत्र लिहायच्या आधीच पोचल्याची नोंद होते.
तिथे सेकंद किंचित लांबवायचे,
नखाएवढेही कळणार नाहीत इतके,
आणि खरी वेळ मागून येऊन गाठेपर्यंत
वाट पाहायची.
पाच-सहा दिवस लागले.
बाई म्हणाल्या, काय माहीत,
या आठवड्यात दुपार सरता सरत नव्हती.

रिपोर्टात कारण म्हणून लिहिलं: सेल.
धाकट्या बामजींनी न वाचता सही केली.
पैसे कापले नाहीत,
मेमो मात्र फाइलला लागला तो लागलाच.
मी तो पाहिला. बाईंच्या मशीनवर टाइप केलेला,
तळाशी वेळ पाच एक्केचाळीस.
म्हणजे तुंगेकरांना उशिराबद्दल जाब विचारणारा कागद
तयार झाला तेव्हा
त्याच्यावरची वेळ यायला
अजून चार मिनिटं होती.

हे मी त्यांना सांगितलं.
ते स्टुलावर चढले होते, काचेचं दार उघडं,
तोंडात फडकं.
"हूं," म्हणाले,
आणि चावी फिरवत राहिले.